नोंद नाही

विंडोज जाणार हे कळलं त्या दिवशी सोमेश्वरने डबा उघडला नाही. बाजरीची भाकरी आणि ठेचा संध्याकाळी जसाच्या तसा घरी परत नेला. मला हसू आवरेना. कुणाचं गाव सुटलं, नोकरी गेली, तर अन्न गोड लागत नाही हे मी समजू शकते. कॉम्प्युटरची सिस्टीम बदलणार म्हणून कुणी उपाशी राहतं का?

पण सोमेश्वर होताच तसा. आमच्या ऑफिसात डेटाबेसचं काम बघणारे आम्ही दोघंच, तो आणि मी. तो माझ्याहून पुष्कळ जुना. नेकनूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला, त्याचे वडील तात्याबा अजूनही कळप घेऊन रानोमाळ फिरतात. हा मात्र शिकला, पुण्यात नोकरी करून बीडला परत आला आणि कीबोर्डवर असा काही बसला की विचारू नका. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मी माउस हलवला की म्हणायचा, "ते उंदीर सोड गं, बोटं कशाला दिलीत देवानं?"

मी प्रणिता. अंबाजोगाईच्या दुकानदाराची मुलगी. गल्ल्यामागे बसून वाढल्यामुळे माझी जीभ तिखट झाली असं आई म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. जिल्ह्यातल्या मेंढ्यांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर नंबर. मेंढीला रोगाची लस टोचली की टोचणारा माणूस मोबाइलवर तो नंबर घालतो आणि नोंद आमच्या डेटाबेसात येते. यंदा मेंढ्यांमध्ये साथ आली होती, म्हणून रस्त्यांवर तपासणी नाके बसले. नाक्यावरचा डॉक्टर बिल्ल्याचा नंबर बघतो. नोंद असेल तर मोबाइलवर हिरवं येतं आणि मेंढी पुढे जाते. नसेल तर लाल पट्टी येते आणि तिच्यावर दोन शब्द: नोंद नाही.

विंडोज जायचं कारणही साधंच होतं. आमच्या जुन्या मशीनवर नवं विंडोज चढत नव्हतं आणि जुन्याचे अपडेट बंद झाले होते. आमचे मालक केदारनाथ, आम्ही त्यांना केदारशेठ म्हणतो, त्यांनी एका सकाळी जाहीर करून टाकलं, "आजपास्नं लिनक्स. फुकट हाय, चांगलं हाय. कुणी कुरकुर करायची न्हाई."

"केदारशेठ, मला डोक्यानं समजतंय हो," सोमेश्वर म्हणाला, "पण माझ्या हातांना कोण समजावणार?"

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

त्याच्या हातांची गोष्ट अशी होती. त्याची एक फाइल होती, वर्षानुवर्षं जपलेली. डेटाबेसला द्यायच्या सगळ्या आज्ञा त्या एकाच फाइलीत. वरच्या ओळी नोंदी बघण्याच्या. मधल्या दुरुस्तीच्या. आणि अगदी तळाला एक ओळ: सगळं टेबल (म्हणजे नोंदींचा अख्खा तक्ता) रिकामं करा. सुरुवातीला आम्ही खोट्या नोंदी घालून सिस्टीम तपासत होतो तेव्हा ती लागायची. नंतर तिचं काही काम उरलं नव्हतं, पण ती तिथेच राहिली. विंडोजवरच्या प्रोग्रामात आपण जेवढ्या ओळी निवडू तेवढ्याच एफ-फाइव्ह दाबल्यावर चालायच्या. सोमेश्वर बोटांनी सर्रकन वरची ओळ निवडायचा, एफ-फाइव्ह दाबायचा, की झालं काम. खालच्या ओळी आपल्या झोपलेल्या.

"दादा, ती तळाची ओळ काढून टाका ना," मी एकदा म्हटलं होतं.

"घरात इळा हाय म्हणून मी रोज हात कापून घेतो का?" असं म्हणून त्याने मला गप्प केलं.

लिनक्सवर प्रोग्राम नवा आला आणि त्यात एफ-फाइव्ह दाबलं तर काहीच होईना. सोमेश्वर चिडचिडा झाला. चहावर चिडायचा, पंख्यावर चिडायचा. मग एके दिवशी त्याला त्या प्रोग्रामात बटणं बदलायची यादी सापडली. यादीत 'चालवा' असं दिसलं आणि त्याने एफ-फाइव्ह त्याला जोडून टाकलं. चाललं! त्या दिवशी त्याने सगळ्यांना भजी खाऊ घातली.

"आता लिनक्स आलं बग माझ्या हाताखाली," तो म्हणाला.

त्या यादीत 'चालवा' दोन ठिकाणी होतं. एक निवडलेल्या ओळी चालवणारं आणि एक सगळी फाइल चालवणारं; त्याने जोडलं ते दुसरं. हे त्याने पाहिलं नाही आणि भजी खाताना मीही विचारलं नाही. पुढचे काही दिवस त्याच्याकडून एकेका ओळीचीच कामं झाली, त्यामुळे फरक कळायला वावच नव्हता.

मग तो मंगळवार आला.

दुपार होती. जेवणं आटोपली होती. सोमेश्वरचा फोन वाजला आणि त्याने नेहमीसारखा स्पीकर लावून टेबलावर ठेवला, म्हणजे हात मोकळे राहतात. पलीकडे तात्याबा होते. आवाजामागे मेंढ्यांचं बें-बें चाललेलं, ट्रकांचे हॉर्न.

"सोमा, मांजरसुंब्याच्या नाक्यावर हाय रं. डॉक्टर मेंढरं तपासायलाय. आपली समदी हिरवी आली, एकच लाल दाखवायलीय."

"कावून? समदी संगंच टोचली हुती की."

"तेच म्या म्हनलं. डॉक्टर म्हनतोय नोंद न्हाई तर आत्ता हितंच टोचतो. आरं, दिस भरत आलेत तिचे. येकदा झालंय टोचून. पुन्यांदा टोचली अन् अंगात ताप भरला, तर गाभडंल ती."

गाभडणं म्हणजे दिवस भरायच्या आत पोटातलं कोकरू जाणं. मेंढपाळाच्या घरात हा शब्द कुणी सहजासहजी तोंडातून काढत नाही, हे मला सोमेश्वरमुळेच माहीत झालेलं.

"आबा, घाबरू नका. नंबर सांगा. आत्ता बगतो."

"म्या सांगितलंय डॉक्टरला, माझा लेक तिकडंच बसलाय म्हनून," तात्याबांच्या आवाजातला ताठा इथपर्यंत ऐकू आला. ते बिल्ल्यावरचा एकेक आकडा सांगत गेले. हा टाइप करत गेला. त्याने ती जुनी फाइल उघडली होती. लिनक्सवर पहिल्यांदाच. वरच्या ओळीत नंबर घातला, सर्रकन ओळ निवडली आणि एफ-फाइव्ह दाबलं.

मी शेजारीच होते. पडद्यावर खाली काहीतरी पळत गेलं. नेहमी एक ओळ येते, त्या जागी चार-पाच आल्या. शेवटच्या ओळीत भला मोठा आकडा होता आणि त्यापुढे 'ओळी काढल्या' असं लिहिलेलं.

सोमेश्वर पडद्याकडे झुकला. त्याने नोंदी बघायची ओळ एका कोऱ्या फाइलीत लिहून चालवली. टेबल रिकामं होतं. पुन्हा चालवली. रिकामं. त्याचा चेहरा इतका पांढराफटक पडला की मला वाटलं हा आता खुर्चीवरून खाली पडतो. जिल्ह्यातल्या सगळ्या मेंढ्या, एका बटणात.

"सोमा? गावली का रं?" टेबलावरून तात्याबा विचारत होते.

त्यांच्या मागे कुणीतरी ओरडलं, "ओ, हे काय? आता समदीच लाल यायलीत! माझी आत्ता हिरवी हुती की!"

मग दुसरा कुणी ओरडला. मग बरेच. इथे बोट लागलं आणि तिकडे, वीस-पंचवीस किलोमीटरवर, माणसं ओरडायला लागली, ते आम्ही बसल्या जागी ऐकत होतो.

"आबा, थांबा जरा. करतो फोन," सोमेश्वर कसाबसा म्हणाला.

"बॅकअप," मी म्हटलं. "दादा, बॅकअप आहे ना!"

"हाय, हाय," असं म्हणत त्याने बॅकअपचं फोल्डर उघडलं आणि आम्ही दोघंही बघतच राहिलो. शेवटचा बॅकअप विंडोज गेलं त्या दिवशीचा होता. रोज आपोआप बॅकअप घेण्याची सोय जुन्या मशीनच्या विंडोजमध्ये बसवलेली होती. विंडोज पुसलं तशी तीही पुसली गेली. साथीतलं सगळं लसीकरण त्यानंतरचं.

केदारशेठ आवाज ऐकून आतून आले. त्यांना सांगितल्यावर ते आधी हसले. त्यांना ही थट्टा वाटली. मग आमची तोंडं बघून त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"बे सोमेश्वर, काय करून बसलास बे हे! अन् बॅकअप? मला वाटलं तू बसवलास लिनक्सवर."

"मला वाटलं तुमी बसवून घेतलात, लिनक्स टाकणाऱ्याकडून."

मला त्या दोघांचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आणि माझाही, कारण माझं तरी काय वेगळं होतं? मलाही वाटलंच होतं की कुणीतरी केलं असेल.

रागानेच बहुतेक माझं डोकं चाललं. "लॉग," मी म्हटलं. "दादा, लॉग बघा."

डेटाबेस एक हिशेब स्वतःपुरता ठेवत असतो. कोणती नोंद कधी आली, कधी बदलली, कधी गेली, सगळं क्रमाने. जुना बॅकअप घालायचा आणि त्यावर हा लॉग पहिल्यापासून पुन्हा चालवत आणायचा, त्या पुसण्याच्या क्षणाच्या अलीकडे थांबायचं. नव्या सिस्टीमवर लॉग आपोआप चालू होता. तो तिथे होता! मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. पण एवढं सगळं पुन्हा चालवायला वेळ लागणार होता. दुपार त्यातच जाणार.

"तू बस," सोमेश्वरने खुर्ची सोडली. "माझे हात न्हाईत चालायचे."

मी कामाला बसले. तो उभ्यानेच फोन लावत होता.

"आबा, चूक माझी हाय. समद्यांच्या नोंदी माझ्या हातानं गेल्या. तुमची कुणाचीच चूक न्हाई. डॉक्टरांना फोन द्या."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. तो थकलेला होता. "अहो, फोनवर कुणीतरी सांगतंय म्हणून मी एवढे कळप सोडू का? उद्या पुढच्या तालुक्यात साथ गेली तर कोण उत्तर देणार? आणि मी लस कालवून ठेवली आहे. ती दोन तासांत वापरावी लागते, मग फेकायचीच. एक तरी कळप मी आता घेणार. तयार नसतील तर सगळेच मागे फिरवतो."

"मागं पाणी न्हाई हो, डॉक्टरसाहेब."

"मग माझा इलाज नाही."

फोन तात्याबांकडे परत गेला असावा, कारण त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. तेवढ्यात एक वेगळाच आवाज आला. तो बंकटचा होता, तात्याबांबरोबर चालणारा दुसरा मेंढपाळ. "तात्याबा, तुझ्या लेकानंच पुसली म्हन की! लई सांगत हुतास, माझा लेक, माझा लेक."

फोन बंद झाला.

मी जुना बॅकअप एका वेगळ्या जागी घातला आणि लॉग चालू केला. पडद्यावर जुन्या तारखा सरकत होत्या. सोमेश्वर शेजारच्या मशीनवर जाऊन बसला आणि त्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला. थोड्या थोड्या वेळाने ते उघडून बघत होता. काय बघायचं होतं त्यात, देव जाणे.

"प्रणिता."

त्याचा आवाज ऐकून मी खुर्चीसकट वळले.

रिकाम्या टेबलात एक नोंद आली होती. तारीख आजची. वेळ आत्ताची. जागा मांजरसुंबा. मेंढी कुणाची, त्या रकान्यात नाव: तात्याबा.

आम्ही बघत असतानाच दुसरी आली. मग तिसरी. एकामागून एक नवीन ओळी खाली उतरत होत्या आणि प्रत्येकीत तेच नाव.

"आबाची," तो पुटपुटला. "समदी आबाचीच. आबांनी आपली पुढं घातली."

सोमेश्वर वडिलांना फोन लावत होता, ते उचलत नव्हते. मग त्याने आईला लावला. बायडाबाई कळपाबरोबरच असतात. त्यांनी उचलला, धापा टाकत.

"आई, आबांना थांबव! येतंय समदं परत. थोडा वेळ काढा, येतंय!"

"त्यांचे हात गुतलेत रं. मेंढरं धरायलेत डॉक्टरफुडं."

"आगं पण कावून? आपल्याबी गाभण हाईत की!"

"म्या म्हनलं त्यांला. तर म्हनले, पुसलं आपल्या घरानं, तर पयली मेंढरं आपल्या घरची. बंकटच्या समद्याच गाभण हाईत, त्याला न्हाई झेपायचं म्हनले. बाटली सरंस्तोवर तुजं काम हुईल म्हनले. तू कर. बोलत बसू नगंस."

सोमेश्वरने फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एवढा मोठा माणूस रडताना मी बघू शकले नाही. मी माझ्या पडद्याकडे वळले. तारखा सरकत होत्या. माझ्या हातात त्यांना ढकलण्यासारखं काही नव्हतं, तरी मी मनात 'पळ, पळ' म्हणत होते. मागे दुसऱ्या पडद्यावर त्याच्या वडिलांच्या ओळी येतच होत्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा लॉग त्या दुपारपर्यंत पोचला. पुसण्याच्या ओळीच्या अलीकडे मी तो थांबवला, दोनदा तपासला, केदारशेठना उभं करून तिसऱ्यांदा तपासायला लावला आणि सगळ्या नोंदी मूळ टेबलात परत घातल्या. त्या एकट्या लाल मेंढीची नोंदही सापडली. लसीच्या शिबिरात तिच्या नंबरातला एक आकडा चुकीचा पडला होता, बस्स. त्या एका आकड्यासाठी हे सगळं झालं होतं.

केदारशेठनी डॉक्टरांना फोन केला. पलीकडून ते म्हणाले, "हो, हिरवं यायला लागलं." केदारशेठचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कपाळावरचा विभूतीचा पट्टा घामासकट पुसून टाकला आणि तसेच जिन्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने सोमेश्वरचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला नाही, पण तात्याबांना हळू बोलता येत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सोमा, बंकट गेला बग फुडं. समदी हिरवी आली त्याची. बाकीचेबी निघाले. म्या सांगितलं त्यांला, लेकानं आनली म्हनून परत. जेवलास का रं?"

"जेवलो, आबा," सोमेश्वर म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पशुसंवर्धन खात्याकडून केदारशेठना फोन आला. अहवालात काही मेंढ्यांच्या दोन-दोन नोंदी दिसतायत, दुसरी नोंद काढून टाका. सगळ्या एकाच माणसाच्या आहेत.

केदारशेठनी ते सोमेश्वरला सांगितलं तेव्हा तो नुकताच फोनवर बोलून आत आला होता. बायडाबाईंचा फोन होता. दोन मेंढ्या गाभडल्या होत्या. त्यातली एक ती, पहिल्यांदा लाल आलेली.

"मी काढू का दादा त्या नोंदी?" मी विचारलं. त्याच्या हाताला ते काम लागू नये असं मला वाटत होतं.

"काढायच्या न्हाईत."

"अरे पण खातं म्हणतंय—" केदारशेठ म्हणाले.

"केदारशेठ, टोचलंय ते. दोनदा टोचलंय. झालं त्याला झालं न्हाई कसं म्हणू?" तो आवाज चढवून बोलला नाही, तरी केदारशेठ मागे फिरले.

त्याने एक कोरी फाइल उघडली. ती जुनी मोठी फाइल मला पुन्हा कधी दिसली नाही. प्रत्येक नोंदीला शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो, आम्ही तो सहसा रिकामाच ठेवतो. त्या दुसऱ्या नोंदींच्या रकान्यात घालायला त्याने एक वाक्य लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं: 'ही मेंढी आधीच टोचलेली होती. नोंद माझ्या चुकीने पुसली, म्हणून पुन्हा टोचावी लागली. सोमेश्वर तात्याबा.'

मग त्याने ते वाक्य एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि माउस हातात धरून, पडद्यावरचं 'चालवा' नीट शोधून, त्यावर हळूच क्लिक केलं.